वॉल काढू नका

एप्रिल उजाडला की विदर्भ-मराठवाड्यातल्या गॅरेजांत एक सल्ला हमखास मिळतो. गाडी गरम होतेय अशी तक्रार घेऊन कुणी गेलं, की मिस्त्री बॉनेट उघडतो, होजच्या तोंडाशी असलेले दोन बोल्ट खोलतो, आतला छोटा थर्मोस्टॅट बाहेर काढतो आणि मालकाच्या तळहातावर ठेवतो. "हा वॉल थंड प्रदेशासाठी असतो, साहेब. आपल्याकडे याचं काही काम नाही. याच्यामुळंच पाणी अडतं." गाडी वॉलशिवाय जोडली जाते, काटा खरोखरच पूर्वीपेक्षा खाली राहतो आणि मालक समाधानानं घरी जातो. जाता जाता आणखी दोन सल्ले त्याच्या पदरात पडतात. कूलंटवर पैसे घालवू नका, साधं पाणी मारा; आणि फॅन डायरेक्ट करून घ्या, म्हणजे काळजी मिटली.

हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यांच्यापायी धडधाकट इंजिनं वेळेआधी निकामी होतात आणि त्याचं खापर फुटतं ते उन्हावर, गाडीच्या कंपनीवर नाहीतर मालकाच्या नशिबावर. माझा राग मिस्त्रींवर नाही. त्यांच्या हातातलं कसब मी जवळून पाहिलेलं आहे आणि रस्त्यात अडलेल्या माणसाला तेच घरी पोचवतात. पण पिढ्यान् पिढ्या चालत आलेली एखादी समजूत अनुभवाच्या नावानं खपत असेल, तर तिची तपासणी झालीच पाहिजे.

ही समजूत आली कुठून, हे आधी पाहू. ॲम्बेसेडर, जुन्या जीप आणि त्या काळचे ट्रक यांची इंजिनं ओतीव लोखंडाची होती. कार्ब्युरेटर होता, पंखा पट्ट्यावर फिरत होता, रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नसे आणि पाच-दहा मिनिटांत गाडी उकळायची. नवा भाग तालुक्याच्या गावी मिळायचा नाही. अशा वेळी वॉल काढून गाडी चालती करणं हे शहाणपणच होतं. लोखंडी इंजिन पुष्कळ सोसायचं, तेल तसंही लवकर बदललं जायचं, आणि ॲव्हरेज थोडं घसरलं तरी कुणी मोजत नव्हतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड असलेलं छोटं इंजिन घरोघरी पोचलं. पुढं इंजेक्शन आलं, सेन्सर आले, कित्येक इंजिनांचा ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा झाला. गाड्या बदलल्या. आणीबाणीत शोधलेली ती तोड मात्र कायमचा नियम होऊन बसली.

आता पहिला दावा घ्या. थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो म्हणे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. माणसाच्या दृष्टीनं ही जीवघेणी उष्णता आहे. इंजिनाच्या दृष्टीनं ४५ अंश म्हणजे गारठाच, कारण त्याच्या पाण्यानं ९० अंशांच्या आसपास राहावं या हिशेबानं पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट, तेलाचा दाटपणा, इंधनाची मात्रा हे सगळं ठरवलेलं असतं. भर उन्हात उभी असलेली गाडी चालू केली तरी तिला आणखी चाळीस-पंचेचाळीस अंश चढायचे असतात, आणि ते जितक्या लवकर चढतील तितकी झीज कमी. शिवाय याच विदर्भात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली येतो, तेव्हाही गाडी तीच असते. कुवेतमधल्या मित्रिबा इथं जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश तापमान नोंदवलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं ते मान्य केलं. त्या कुवेतमध्ये, दुबईत, मस्कतमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्यांतही थर्मोस्टॅट असतोच. कोकणातली आणि घाटावरची कितीतरी माणसं तिकडं वर्षानुवर्षं गाड्या चालवतात, त्यांना विचारा. वाळवंटासाठी बांधलेल्या गाडीत जो भाग कंपनी ठेवते, तो नागपूरला निरुपयोगी कसा ठरेल?

वॉलमुळं पाणी अडतं, हा दुसरा दावा याहून महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी तो वॉल नीट पाहायला हवा. जुना काढलेला एखादा मिळाला तर घरी आणा. बोटभर उंचीचा भाग असतो, मधोमध पितळेची डबी, भोवती स्प्रिंग, वर गोल चकती. चकतीच्या कडेवर ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला दिसेल. पितळेच्या डबीत मेण भरलेलं असतं. पातेल्यात पाणी घ्या, वॉल दोऱ्यानं बांधून तळाला टेकणार नाही असा पाण्यात सोडा, शेजारी स्वयंपाकातला थर्मामीटर धरा आणि गॅस पेटवा. सत्तर अंशांपर्यंत काही होत नाही. ऐंशीच्या पुढं चकती आणि कड यांच्यात केसाएवढी फट दिसू लागते. पाणी तापत जातं तशी ती रुंदावते, कारण मेण वितळताना फुगतं आणि आतली दांडी रेटतं. पंचाण्णवच्या आसपास वॉल पुरता उघडलेला असतो, आठ-दहा मिलिमीटर. गॅस बंद करा, तो हळूहळू मिटतो. ना वीज लागते, ना कसली जुळवणी.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "वॉल पाणी अडवतो" या म्हणण्यातला घोळ कळतो. तो अडवतो ते इंजिन गार असताना. गाडी गरम व्हायची भीती ज्या वेळी असते, म्हणजे दुपारी कसारा घाट चढताना, मागं चार माणसं आणि एसी चालू असताना, त्या वेळी पाणी ९५ च्या वर गेलेलं असतं आणि वॉल सताड उघडा असतो. त्या क्षणी तो काढलेला असला काय आणि नसला काय, रेडिएटरनं बाहेर टाकायची उष्णता तेवढीच राहते. मर्यादा वॉलची नसते. रेडिएटरच्या पृष्ठभागाची आणि त्यातून जाणाऱ्या हवेची असते. वॉल काढून गाडी उकळायची खरोखरच थांबली, तर त्याचा अर्थ एवढाच की तो वॉल बिघडलेला होता. त्याच्या जागी नवा बसवा. बहुतेक गाड्यांत तो काहीशे रुपयांना मिळतो.

आणि कित्येक इंजिनांत तर वॉल काढल्यानं गाडी जास्त गरम होते. हे ऐकून लोक चमकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिन गार असताना पाण्याला रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरायला एक आडवाट ठेवलेली असते, तिला बायपास म्हणतात. अनेक थर्मोस्टॅटना खालच्या बाजूला आणखी एक छोटी चकती असते. वरची वाट उघडते तशी ही खालची चकती बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे तापलेल्या इंजिनाचं सगळं पाणी रेडिएटरमधूनच जातं. तुम्ही वॉल काढलात की बायपास कायमचा उघडा. पाण्याचा एक हिस्सा गार न होताच इंजिनात परत जातो. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. घाटात, जिथं थेंबन् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तिथं हीच गाडी आधी मान टाकते. उन्हाळ्यासाठी म्हणून केलेला उपाय ऐन उन्हाळ्यातच दगा देतो.

वॉल ठेवावा असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तोही मला खोडावा लागेल. वॉल नसला तर पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगानं जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही, असं सांगतात. हे बरोबर नाही. पाणी बंद चक्रात फिरतं. एका फेरीत कमी गार झालं तरी त्याच वेळात फेऱ्या जास्त होतात, आणि वेग वाढला की धातूकडून पाण्याकडं आणि पाण्याकडून धातूकडं उष्णता अधिक चांगली जाते. चुकीच्या कारणानं बरोबर गोष्ट सांगितली की एखादा हुशार मिस्त्री ते कारण उडवून लावतो आणि त्यासोबत मूळ गोष्टही उडते. खरं कारण दाबाचं आहे. वॉल उघडा असला तरी तो थोडा अडथळा करतोच. त्यामुळं पंपानं ढकललेल्या पाण्याचा दाब हेडमध्ये टिकतो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतीच्या सगळ्यात तापलेल्या भिंतीवर पाण्याचे बुडबुडे लवकर होत नाहीत. सिलिंडरात जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या पुढं जातं, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. या दोहोंच्या मध्ये उभं असतं ते भिंतीला चिकटून वाहणारं पाणी. तिथं वाफेचा थर धरला, तर काटा शांत असतानाही तो भाग भाजून निघतो.

पण वॉल काढलेल्या गाड्या मरतात त्या बहुधा उकळून नव्हे. त्या सावकाश मरतात, गार राहून. हे लक्षात यायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर वॉल काढल्याचं कुणाला आठवतही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरतं. इंजिन पुरेसं तापलं तर ते उडून जातं. गार राहिलं तर तेलातच राहतं. तेलाचं झाकण उघडलं की आतून पिवळट-पांढरी सायीसारखी मळी दिसते ती हीच. गाडीचा कंप्युटर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर वाचतो, इंजिन अजून गार आहे असं समजतो आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. हे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढतं आणि खाली जाऊन तेल पातळ करतं. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, रिंगा झिजतात. बऱ्याच नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की पी०१२८ हा कोड येतो, ज्याचा अर्थच असा की पाणी थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाहीये. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला इंजिन पुरतं तापलेलं लागतं. वॉल काढलेल्या अशा गाडीची गाळणी तुंबली की तिचा खर्च ऐकून मालकाला घाम फुटतो.

मग काटा खाली येतो त्याचं काय? येतोच. हलक्या कामात, हायवेवर साठ-सत्तरच्या वेगानं जाताना रेडिएटरची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि वॉल नसल्यामुळं ती सगळी वापरली जाऊन पाणी सत्तर अंशांवर येतं. काट्याचं हे खाली येणं म्हणजे गाडी सुधारल्याची खूण, असं मानणं हीच मूळ चूक आहे. इंजिन जमेल तितकं गार ठेवणं हा उद्देश कधीच नव्हता. ते ठरलेल्या तापमानाला धरून ठेवायचं असतं, पौषातही आणि वैशाखातही.

आता पाणी आणि कूलंट. इथं विरुद्ध बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी आधी मान्य करतो. उष्णता वाहून न्यायला शुद्ध पाण्याइतका चांगला द्रव दुसरा नाही. निम्मं ग्लायकॉल मिसळलं की ती क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. शर्यतीच्या गाड्यांत बऱ्याचदा पाणीच वापरतात, हेही खरं. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर टायर घसरतात म्हणून. पण त्या पाण्यात गंजरोधक असतो, ते शुद्ध केलेलं असतं आणि ते इंजिन वारंवार खोललं जातं. आपल्या गाडीत बोअरचं पाणी पाच-पाच वर्षं राहतं. या दोन गोष्टींची तुलना होऊच शकत नाही.

कूलंट गोठू नये म्हणून असतं, हा अर्धाच भाग लोकांच्या कानावर गेलेला आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या कामाचा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा १५ अंशांची आणि पाणी ९० अंशांचं असेल तर फरक ७५. हवा ४५ ची झाली की फरक उरतो ४५. म्हणजे मे महिन्यात तोच रेडिएटर डिसेंबरच्या ६० टक्केच काम करू शकतो. आता पाण्याला १०५ पर्यंत चढू दिलं आणि तरी ते उकळलं नाही, तर फरक ६० होतो आणि रेडिएटरची ताकद एक तृतीयांशानं वाढते. उन्हाळ्यातली सगळी मदार या वरच्या पंधरा अंशांवर आहे. ते वापरता यावेत म्हणूनच रेडिएटरच्या झाकणात दाबाची स्प्रिंग असते आणि पाण्यात कूलंट असतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा छापलेला असतो. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, निम्म्या कूलंटचं मिश्रण १२५ च्या पुढं. झाकण ढिलं पडलेलं आणि आत साधं पाणी, अशी गाडी मुंबईत १०० अंशांना उकळेल. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, ती ९५-९६ लाच उकळेल, म्हणजे घाट चढून वर पोचता पोचता. दोन-तीनशे रुपयांचं झाकण बदलून जी गाडी सुधारली असती, तिचा वॉल काढला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग क्षारांचं बघा. बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना गार जागी विरघळलेला राहतो आणि जिथं भिंत सगळ्यात तापलेली, नेमका तिथं थर धरतो. हा थर उष्णता जाऊ देत नाही. धातूच्या मानानं त्याची वाहकता नगण्य असते. पाणी कमी झालं की पुन्हा बोअरचं पाणी, पुन्हा चुना. ॲल्युमिनियमला, लोखंडाला आणि रेडिएटरला एकाच पाण्यात ठेवलं की गंज वेगळाच. मोठ्या डिझेल इंजिनांत, ट्रक-ट्रॅक्टरमध्ये, सिलिंडरच्या लायनरच्या थरथरीमुळं त्याच्या बाहेरून बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि लोखंड खात जातात. योग्य कूलंटमधली रसायनं तिथं संरक्षक थर धरतात. साध्या पाण्यात कालांतरानं लायनरला आरपार भोकं पडतात आणि पाणी तेलात जातं. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन नांगरटीत उभा राहतो तेव्हा किती नुकसान होतं, ते कूलंटच्या डब्याच्या किमतीशी ताडून पाहावं.

"कूलंट घातलं आणि गळती सुरू झाली," अशी तक्रार खूप ऐकू येते. गळती आधीच होती. गंजानं आणि चुन्यानं ती तात्पुरती बुजली होती, कूलंटनं ती साफ करून उघडी पाडली. ट्रकवाल्यांची हळदीची युक्ती याच जातीची आहे. रेडिएटरला बारीक भोक पडलं की मूठभर हळद टाकतात, ती फुगून भोक बुजवते. आडरानात गाव गाठायला ठीक आहे. पण तीच हळद रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांतही बसते, आणि मग ती गाडी प्रत्येक घाटात तापते.

कूलंट घालायचं तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. हिरवं, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका. रंगाचं काही ठरलेलं प्रमाण नाही आणि दोन जातींची कूलंट मिसळली तर त्यांचा गोळा होऊ शकतो. तयार मिश्रण असेल तर तसंच ओता. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा. जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं, असं समजून काहीजण नुसतं घट्ट कूलंट ओततात, त्यानं उष्णता नेण्याची क्षमता उलट घटते. आणि जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन काढा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, पोर्चमध्ये सांडलेलं कुत्र्यानं चाटलं तर त्याची मूत्रपिंडं जातात. लहान मुलांबद्दल वेगळं सांगायला नको.

फॅन डायरेक्ट करण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फॅन आपोआप लागत नसेल तर सेन्सर, रिले, फ्यूज किंवा वायर यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. ते शोधायला अर्धा तास लागतो. तो वाचवण्यासाठी दहा-पंधरा अँपिअर खेचणारी मोटर एका बारीक वायरनं चावीवर जोडली जाते. ती वायर तापते, मोटर हायवेवरही विनाकारण फिरत राहते, ब्रश लवकर झिजतात आणि एका दुपारी ट्रॅफिकमध्ये ती बंद पडते. ड्रायव्हरला कळायला काही मार्ग नसतो.

उन्हाळ्यात गाडी तापण्याची खरी कारणं बहुधा दिसण्याजोगी असतात आणि ती पाहायला कुणी वाकत नाही. हायवेवर वीस किलोवॉट ताकद चाकांना देणारं इंजिन साधारण तितकीच उष्णता पाण्यात सोडतं. म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे दहा गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं. ही सगळी उष्णता रेडिएटरच्या जाळीतून जाणाऱ्या हवेनं न्यायची. आणि रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर असतो, जो आपली गरम हवा आधीच त्याच्यावर सोडत असतो. या दोन जाळ्यांच्या मधल्या बोटभर फटीत काय असतं, ते एकदा टॉर्च लावून पाहा. यवतमाळ-अकोल्याच्या बाजूला कापसाचे तंतू, गव्हाचा भुसा, मेलेले किडे, धूळ, आणि त्यावर एसीच्या पाण्यानं बसलेला चिखल. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत पोतेरं झालेलं असतं. ते इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्यानं धुवावं लागतं. सर्व्हिस स्टेशनची जोराची धार जवळून मारली तर पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलेलं असेल तर पंखा फक्त स्वतःसमोरचा गोल भाग ओढतो, कोपरे कोरडेच राहतात. वॉटर बॉडीची, म्हणजे पाण्याच्या पंपाची, पाती झिजलेली, होज आतून सुटलेला, पाणी भरताना आत हवा अडकलेली, ही पुढची कारणं. यातलं एकही वॉल काढून बरं होत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांचाही यात मोठा दोष आहे. खर्च वाचवण्यासाठी अनेक छोट्या गाड्यांतून तापमानाचा काटा काढून टाकला आणि एक निळा, एक लाल दिवा बसवला. लाल दिवा लागतो तेव्हा ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फारसा अवधी उरलेला नसतो, आणि हेडला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही वाकडेपणा चालत नाही. ज्या गाड्यांत काटा आहे, तिथंही तो कित्येकदा ८० पासून १०५ पर्यंत मध्यावरच चिकटलेला राहील असा जुळवलेला असतो, गिऱ्हाइकानं घाबरू नये म्हणून. तापमानाचा खरा आकडा कंप्युटरकडे असतोच. तो डॅशबोर्डवर दाखवायला वेगळा भाग लागत नाही. ४५ अंशांच्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत तो दिसायलाच हवा, आणि ग्राहकांनी तो शोरूममध्ये मागायला हवा.

तोवर घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा. गाडीला हीटर असेल तर पूर्ण गरमवर आणि पूर्ण पंख्यावर लावा. तो छोटा रेडिएटरच आहे, उकाडा सोसा. उतरत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. उन्हाळी सुट्टीत बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांपाशी माणसं झाकणावर फडकं टाकून ते फिरवताना दिसतात. असं कधीही करू नका. झाकणाखाली शंभरच्या वर तापलेलं पाणी फक्त दाबामुळं पाणी राहिलेलं असतं. दाब सुटताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, ओतीव धातूला तडा जातो.

शेवटी जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. विक्रेता वॉल काढल्याचं सांगणार नाही, बऱ्याचदा त्याला ते ठाऊकही नसतं. म्हणून सकाळी लवकर जा, गाडी रात्रभर उभी असताना. बॉनेट उघडा, इंजिन चालू करायला सांगा आणि पट्टा व पंखा यांपासून हात लांब ठेवून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. वॉल असेल तर होज काही मिनिटं गार राहील आणि मग एकाएकी हाताला चटका बसेल इतका तापेल. काही गाड्यांत वॉल खालच्या बाजूला असतो, तिथं हाच प्रकार खालच्या होजवर दिसेल. होज पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे. मग तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. पांढरी मळी लागली तर ती गाडी किती वर्षं तशी चालली आहे ते विचारा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैशाचं बोलू नका.